जैसलमेर, व्हाया ममदापूर

दिवाळीचा फराळ संपायच्या आत नाशिकमध्ये हिवाळ्याचे बेत शिजू लागतात. पावसाळ्यात हरिहर, भास्करगड, अंजनेरी करून झालेले असतात; थंडीत साल्हेर-मुल्हेर, धोडप, मांगीतुंगी ही ठरलेली नावे. अलीकडे या यादीत एक लांबचे नाव शिरले आहे: जैसलमेरचे डेझर्ट नॅशनल पार्क. गंगापूर रोडवरच्या सोसायट्यांचे ग्रुप तिकडे जातात, बँकेतून आणि ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेले जातात, दर थंडीत नांदूरमध्यमेश्वरला दुर्बीण घेऊन बसणारे पक्षीवेडे जातात. युथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या हिवाळी डेझर्ट ट्रेकला नाव नोंदवून कॉलेजची पोरेही जातात. बेत ठरायची जागा बहुधा मिसळीचे टेबल, वेळ रविवार सकाळची. पापड मोडता मोडता कोणीतरी विचारतेच, ‘‘पण काका, तिथे चढायचं काय?’’

प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या जिल्ह्यात १,५६७ मीटरचा साल्हेर आहे आणि वेशीवर १,६४६ मीटरची कळसूबाई उभी आहे, त्यांना माथ्याशिवाय ट्रेक कसा सुचावा? थरमधली वाळूची टेकडी चढायला दहा मिनिटे पुरतात. वर गेले की पलीकडे तशीच दुसरी दिसते. दरवाजा नाही, बुरूज नाही, पाण्याचे टाके नाही, माथ्यावरचा मारुती नाही. सह्याद्रीत वाट कितीही चुकली तरी कुठे पोहोचायचे ते डोळ्यांसमोर असते. इथे तो आधारच गेलेला असतो.

म्हणून गडकोटांच्या सवयीने आखलेली जैसलमेरची सहल ‘सम’च्या वाळूत येऊन अडकते. दुपारी तंबू, संध्याकाळी उंटावरून चक्कर, सूर्यास्ताचे फोटो, रात्री कालबेलिया नाच आणि त्यानंतर डीजे. दुसऱ्या दिवशी नाश्ता करून परत. यात वाईट काही नाही, पण याला वाळवंट पाहिले म्हणणे म्हणजे पंचवटीत चहा पिऊन सह्याद्री पाहिला म्हणण्यासारखे आहे. माझे मत असे की या मुलखाचा बेत तिथे काय नाही, यावरून आखायला घ्यावा. पाणी नाही, सावली नाही, मळलेली वाट नाही, उंची नाही. आणि ज्यासाठी एवढे लांब जायचे तो माळढोक पक्षी दिसेलच याचीही शाश्वती नाही. या सगळ्याची तालीम करायला नाशिक जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. ती जागा येवला तालुक्यात आहे. तिच्याकडे येतोच, आधी उद्यानाविषयी.

डेझर्ट नॅशनल पार्क १९८० साली जाहीर झाले. जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या नाशिक जिल्ह्याचा पाचवा हिस्सा. नावात राष्ट्रीय उद्यान असले तरी कायद्याच्या कागदावर ते अभयारण्य आहे. राष्ट्रीय उद्यान करायचे तर आतल्या गावांचे हक्क निकाली काढावे लागतात आणि इथे हद्दीत सत्तरहून जास्त गावे आहेत, त्यांच्या ढाण्या म्हणजे वस्त्या आहेत, शेळ्या-मेंढ्या आहेत, बाजरी आणि गवारीची शेते आहेत. ताडोब्यासारखे गेट, गेटवर जिप्सींची रांग, आत फक्त जंगल, असे चित्र मनात घेऊन गेलेला माणूस गोंधळतो. जीप डांबरी रस्त्याने गावामागून गावे ओलांडते. उद्यान कधी सुरू झाले हे ड्रायव्हरने सांगितल्याशिवाय कळत नाही.

दुसरा धक्का वाळूचा. कॅलेंडरवर दिसतात तशा लाटालाटांच्या टेकड्या उद्यानाच्या काही भागातच आहेत. बाकी सगळा खडकाळ माळ, मुरमाड सपाटी, खारवट तळांचे खोलगट भाग आणि सेवण गवताची कुरणे. आमच्यातले एक निवृत्त मास्तर उद्यानातल्या सुदासरीच्या वाटेवर उतरून चहूकडे बघत म्हणाले, ‘‘अरे, हे तर आपलं नांदगाव!’’ सगळे हसले. मास्तर मात्र बरोबर होते.

नाशिकची ओळख आपण पश्चिमेकडून करून देतो. त्र्यंबक, इगतपुरी, धबधबे, धुके. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला येवला, नांदगाव, चांदवड, सिन्नरचा काही भाग पर्जन्यछायेत पडतो. येवल्याकडे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला की वर्ष बरे गेले म्हणतात. जैसलमेरचा आकडा दोनशेच्या आसपास. पाऊस हाच निकष धरला तर येवल्याला इगतपुरीपेक्षा जैसलमेर कितीतरी जवळचे आहे. पण हा भाग आपल्या लेखी शिर्डीला किंवा मनमाडला जाताना खिडकीतून दिसणारा ओसाड पट्टा. तिथे मुद्दाम उतरणारे कमी.

तालमीची ती जागा म्हणजे ममदापूर याच पट्ट्यात येते. ममदापूर, राजापूर, देवदरी, खरवंडी या गावांच्या परिसरात काळविटांसाठी २०१४ साली संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. विस्तार ५४ चौरस किलोमीटरच्या आसपास. थोडे चढउतार, मधे मधे बाभळी, बोरी, हिवर आणि बाकी गवत. उन्हाळ्यात इथे पाणवठ्यांत टँकरने पाणी सोडावे लागते, तरीही हरणे पाण्याच्या शोधात शेतात आणि रस्त्यावर येतात, कधी विहिरीत पडतात. कांद्याच्या रोपांवर कळप शिरला की शेतकरी काय बोलतात ते छापण्यासारखे नसते. वन्यजीव आणि माणूस एकाच रानात राहतात तेव्हा काय होते, हे कळायला राजस्थान गाठायची गरज नाही.

जैसलमेरच्या बेतात आम्ही ममदापूरचा एक दिवस आधी घातला तो तालमीसाठी. वनखात्याला विचारून, गावातला माहीतगार सोबत घेऊन, सकाळपासून दुपारपर्यंत माळावर चालायचे. मुद्दाम बाराचे ऊन घ्यायचे. नियम दोनच ठेवले: पाणी प्रत्येकाने आपापले न्यायचे, आणि वाटाड्या सोडून कोणी फोनमध्ये नकाशा बघायचा नाही. दुसऱ्या नियमाने मजा आणली. सह्याद्रीत ज्यांना दिशा पाठ, ते इथे तासाभरात चारी दिशांना तीच बाभूळ बघू लागले. उभे राहून पाहिले तर सपाट वाटणारा माळ चालायला लागले की लपवाछपवी करतो. शंभर पावलांवरचा ओढा दिसत नाही, कळप आधी आपल्याला बघतो. काळवीट नर काळाभोर, मादी आणि पाडसे वाळक्या गवताच्या रंगाची. नर दिसला म्हणून आपण खूश होतो तोवर त्याच्याभोवतीच्या दहा-बारा माद्या आपल्या नजरेतून सुटलेल्या असतात. माळावर बघायची नजर वेगळी असते. झाडाकडे, आकाशाकडे न बघता गवताच्या रेषेवर नजर ठेवून सावकाश फिरवायची. ही नजर ममदापूरला बसली नाही तर सुदासरीलाही बसत नाही आणि पैसे मात्र जास्त लागतात.

पाण्याचा हिशेबही इथेच लागला. हरिहरला दोन लिटरची बाटली पुरवून परत आणणारे गडी इथे दुपारपर्यंत कोरडे झाले. घाम दिसतच नव्हता, वाळून जात होता, आणि त्यामुळे तहान लागण्याआधीच डोके जड झाले. तेव्हा ठरले की थरमध्ये चालायच्या दिवशी माणशी किमान चार लिटर पाणी. शिवाय जीपमध्ये वेगळा जार, आणि ओआरएसची पाकिटे खिशात, बॅगेच्या तळाशी नाही.

आता प्रवास. नाशिक रोडवरून जैसलमेरला थेट गाडी नाही, आणि ‘मुंबईला जाऊन पकडू’ हा पहिला विचार मोठ्या वळशाचा आहे. वांद्रे टर्मिनसहून जैसलमेरला आठवड्यातून एकदा गाडी आहे, जोधपूरची सूर्यनगरी एक्सप्रेस रोजची. दोन्ही गुजरातमधून जातात. सापुताऱ्याच्या घाटाने रस्त्याने सुरत गाठून तिथे चढावे, हे नाशिककराला सोयीचे. ओझरहून विमानाने अहमदाबाद आणि पुढे साबरमतीहून जैसलमेरची रेल्वे, हा दुसरा पर्याय. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, म्हणजे जानेवारीत जायचे तर नोव्हेंबरातच मिसळीच्या टेबलावर नावे पक्की व्हायला हवीत. जाऊ नये ती वेळ म्हणजे दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते नववर्षाचा आठवडा. दिवाळीत अर्धा गुजरात जैसलमेरला असतो. माघ पौर्णिमेला संपणाऱ्या मरु महोत्सवाच्या दिवसांतही हॉटेलांचे दर चढतात. पगडी बांधायची स्पर्धा बघायची हौस असेल तरच ते दिवस धरावेत.

मी जोधपूरला उतरून पुढे रस्त्याने जाण्याच्या बाजूचा आहे. पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरच्या त्या वाटेवर जमीन हळूहळू कोरडी होत जाते, झाडे आखूड होत जातात, आणि आपण कुठे चाललो ते अंगाला कळते.

कागदपत्रांत आधार कार्ड मूळ न्यावे. हा सरहद्दीचा मुलूख आहे. ड्रोन घरीच ठेवावा. उद्यानातल्या सुदासरीच्या भागात जायला जैसलमेरच्या वन विभागाच्या कार्यालयातून परवानगी काढावी लागते. ही परवानगी हॉटेलवाला ‘करून देतो’ म्हणाला तरी आपल्यातल्या एकाने स्वतः जाऊन काढावी, कारण तिथल्या वनरक्षकांशी दोन शब्द बोलले की कोणत्या भागात काय दिसते आहे ते कळते. आमच्या जीपचा ड्रायव्हर उद्यानातल्याच एका गावचा. त्याला पक्ष्यांची इंग्रजी नावे तोंडपाठ होती आणि त्याचे वडील पूर्वी मेंढ्या चारत. ‘‘साहब, पहले हम इनको भगाते थे, अब इनको ढूंढते हैं,’’ असे तो म्हणाला.

थंडीविषयी नाशिककरांना फार सांगायला नको. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतो. डिसेंबर-जानेवारीत थरची रात्र तशीच असते, दिवस मात्र पंचवीस अंशांपर्यंत जातो. फरक वाऱ्याचा. तंबूच्या फटीतून येणारा वारा कानटोपीला जुमानत नाही. बुटांबाबत गडावरचे जड, घोट्यापर्यंतचे बूट मी नेऊ नका म्हणेन. त्यांत वाळू शिरते आणि बाहेर निघत नाही. हलके बूट, वर कापडी गेटर, आणि जाड मोजे. कॅमेऱ्याची लेन्स माळावर बदलायची नाही.

चालायला खुडी गावाची बाजू बरी. समच्या मानाने गर्दी कमी, गावातल्या घरांत उतरता येते आणि पहाटे सहालाच वाळूवर जाता येते. पहाटेचा आग्रह उन्हामुळे जितका, तितकाच पावलांच्या ठशांमुळे. रात्रभर वाऱ्याने वाळू पुसून ठेवलेली असते. सूर्य तिरपा असतो, त्यामुळे सुईएवढ्या खड्ड्यालाही सावली पडते. एका टेकडीच्या पायथ्याशी आम्ही बराच वेळ बसून होतो. रुईच्या झुडपापासून निघालेली भुंगेऱ्याची दुहेरी टाक्यांची माळ. ती ओलांडून गेलेल्या उंदराच्या उड्या, चार-चार ठशांचे पुंजके. पुढे त्या उड्या एकदम थांबलेल्या आणि तिथे वाळू उकरून विस्कटलेली. त्याच्या कडेने कोल्ह्याची पावले, एका सरळ रेषेत, घाई नसलेली. थोडे पलीकडे वाळूवर तिरप्या, एकमेकींना समांतर, तुटक रेघा होत्या. आमच्यातल्या सर्पमित्राने सगळ्यांना हाताने थांबवले. फुरसे. आडवे सरकत जाते, म्हणून माग असा तुटक पडतो. आपल्याकडे कोकणात दगडाखाली भेटणारे हे जनावर थंडीत फारसे हलत नाही, पण झुडपाच्या बुडात हात घालायचा नाही, हा धडा तिथे सर्वांनी घेतला.

वाळूची टेकडी चढायचेही शास्त्र आहे. वारा येतो ती बाजू लांबट, दाबून बसलेली, दहा-पंधरा अंशांची; पलीकडची बाजू तीस-बत्तीस अंशांची आणि भुसभुशीत. उभ्या बाजूने थेट चढणारा सह्याद्रीवीर दोन पावले चढतो नि दीड पाऊल घसरतो. कड्याच्या धारेने, लांबच्या बाजूने, वळसा घेत गेलेला बिनश्रमाने वर पोहोचतो. आमच्यातल्या एका मुलाने हट्टाने सरळ चढाई केली, वर जाऊन धापा टाकत ‘‘हरिहरपेक्षा अवघड!’’ असे जाहीर केले आणि नंतर दिवसभर गप्प चालला.

चढाची हौस भागवणारी जागा शहरातच आहे. ११५६ साली रावळ जैसलने बांधायला घेतलेला सोनेरी दगडाचा किल्ला त्रिकूट टेकडीवर आहे आणि त्यात आजही लोक राहतात, दुकाने चालतात, वाळत घातलेले कपडे बुरुजावरून फडफडतात. २०१३ साली तो राजस्थानच्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला. आपला साल्हेर त्या यादीत मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून २०२५ साली आला. साल्हेरवर आज नांदते घर नाही. जैसलमेरच्या किल्ल्यात घरे इतकी की सांडपाणी पायात मुरून बुरूज खचण्याची चिंता आहे. नाशिकच्या माणसाने हे दोन्ही एकाच वर्षात बघावेत आणि मग कोणत्या किल्ल्याचे नशीब बरे, यावर वाद घालावा.

किल्ल्यापेक्षा मला आकलला जास्त वेळ द्यावासा वाटतो. बाडमेर रस्त्यावर जैसलमेरपासून सतराएक किलोमीटरवर तारेच्या कुंपणात, पत्र्याच्या छपरांखाली दगड झालेले झाडांचे बुंधे पडले आहेत. वय सुमारे अठरा कोटी वर्षे. तिथे तेव्हा दमट, घनदाट जंगल होते, जवळ समुद्र होता. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्याचा झाला तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे साल्हेर, अंकाई, हडबीची शेंडी यांतले काहीही अस्तित्वात नव्हते तेव्हा ही झाडे पडून दगड होऊनही कैक कोटी वर्षे झाली होती. बुंध्यावर बोट फिरवले तर सालीच्या खरबरीत रेषा लागतात. बहुतेक पर्यटक दहा मिनिटांत बाहेर पडतात, कारण बघायला ‘लाकडे’ आहेत.

तसेच कुलधराचे. पालीवाल ब्राह्मणांचे हे गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडले. गाइड तिथे भुताच्या गोष्टी सांगतात. सांगायला हवी ती गोष्ट खडीनची आहे. पालीवालांनी खडकाळ उताराच्या पायथ्याशी लांबलचक मातीचे बांध घातले. चार-दोन पावसांचे पाणी उतारावरून येऊन बांधाआड थांबे, मुरे, आणि पाणी आटल्यावर त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा निघे. दोनशे मिलिमीटर पावसात गहू! ही पद्धत जैसलमेर भागात आजही वापरात आहे. आपल्या जिल्ह्यात बागलाणच्या मोसम खोऱ्यात फडपद्धत अशीच पिढ्यान्‌पिढ्या चालली. नदीवर बंधारा, पाटाने पाणी, एका फडात सगळ्यांचे एकच पीक, आणि पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. पाणी कमी तिथे नियम पक्के. हे समजायला भूत लागत नाही.

जेवणाची काळजी करू नये. बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी ही येवल्या-नांदगावच्या माणसाला परकी नाही. भाकरीवर तूप मात्र आपल्यापेक्षा सढळ. केर-सांगरीची भाजी पहिल्या दिवशी आंबट-तुरट लागते, तिसऱ्या दिवशी मागून घ्यावीशी वाटते. यातली सांगरी खेजडीची शेंग, आणि खेजडी म्हणजे दसऱ्याला जिची पूजा करतो ती शमी. ममदापूरला आपण तिला काटेरी झाड म्हणून वळसा घालतो, तिथे तिच्यावर शेळी, उंट आणि माणूस तिघेही पोसतात.

उरला माळढोक. थरमध्ये त्याला गोडावण म्हणतात. १९८१ पासून तो राजस्थानचा राज्यपक्षी. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो, म्हणजे उडणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. मादी जमिनीवर, उघड्या माळावर, बहुधा एकच अंडे घालते. देशात जंगलात उरलेत ते दीडशेच्या आसपास, आणि त्यांतले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. पक्षीप्रेमींच्या बेतातली खरी अडचण अशी की त्याचा विणीचा काळ पावसाळा. नराचा गळा फुगवून चाललेला नाच तेव्हाचा. पण त्या दिवसांत त्याच्या मागे जीप घालणे म्हणजे त्याचे वर्ष वाया घालवणे. थंडीत दुरून दिसला तर बघावा. सुदासरीच्या कुंपणाबाहेरून, सेवणच्या गवतात, दुर्बिणीतही अंगठ्याएवढे तीन पक्षी आम्हाला दिसले. मान वर करून ठामपणे चालणारे. जीपमधून कोणीही उतरले नाही. ड्रायव्हरने इंजिन आधीच बंद केले होते.

हा पक्षी आपलाही होता, हे नाशिकच्या नव्या पक्षीवेड्यांना बऱ्याचदा सांगावे लागते. सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांनी १९७०च्या दशकात नान्नजच्या माळावरच्या माळढोकांकडे सगळ्यांचे लक्ष वेधले आणि १९७९ साली तिथे अभयारण्य झाले. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर, जैसलमेरच्या उद्यानाच्या अडीचपटीहून मोठे. शेजारच्या नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा तालुकेही त्यात आले होते. कागदावर एवढे मोठे, आणि आत शेती, गावे, शहरेसुद्धा. जमिनीची खरेदी-विक्री अडली, बांधकाम अडले, लोक माळढोकाच्या नावाने बोटे मोडू लागले. शेवटी २०१२ साली क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. तोवर माळ उसाखाली गेला होता. आता नान्नजला माळढोक दिसला तर एखाददुसरा, आणि दिसला की बातमी होते. जैसलमेरला तो टिकला यात तिथल्या कोरडेपणाचा वाटा आहे, आणि ओरणांचा. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, आपल्या देवराईसारखे. देगराय मातेच्या ओरणात कुऱ्हाड चालत नाही.

तार मात्र चालते. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे समोरचे त्याला नीट दिसत नाही; वजन जास्त, ऐनवेळी वळता येत नाही. थरमध्ये पवनचक्क्या आणि सौरप्रकल्प वाढले तसे विजेच्या तारांचे जाळे पसरले. या तारांना धडकून वर्षाला सुमारे १८ माळढोक मरत असावेत असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता. वर्षाला एक अंडे घालणाऱ्या, दीडशे उरलेल्या पक्ष्याला हा आकडा परवडणारा नाही. एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा शक्य तिथे जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला; मार्च २०२४ मध्ये तो सौम्य करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. एकीकडे २०१९ पासून सम इथे, नंतर रामदेवऱ्यालाही, अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे केंद्र सुरू झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. या केंद्रात पर्यटकांना जाता येत नाही आणि ते योग्यच आहे. पिंजऱ्यात संख्या वाढते आहे, पण ती पिल्ले सोडायची कुठे, तर याच तारांखालच्या माळावर.

परतीच्या वाटेवर पोखरण मागे टाकून आम्ही रामदेवऱ्याकडे निघालो तेव्हा दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत मनोरे होते. काही तारांवर पक्ष्यांना दिसाव्यात म्हणून लटकवलेल्या चकत्या चमकत होत्या. आमच्यात महावितरणमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. पक्षीवाल्यांनी सगळ्या तारा पुरल्या पाहिजेत म्हणून सूर लावल्यावर ते बोलायला लागले. तेहतीस केव्हीची लाइन पुरता येते, खर्च कितीतरी पट, पण येते. चारशे, सातशे पासष्ट केव्हीची लाइन शेकडो किलोमीटर वाळूतून पुरणे ही वेगळी गोष्ट. केबल तापते, जोड निकामी होतात, फॉल्ट शोधायला खणत बसा. ‘‘मग पक्षी मरू द्यायचे?’’ मागच्या सीटवरून मुलीने विचारले. ‘‘मी असं म्हटलं का, बेटा? लाइन कुठून न्यायची हे आधी ठरवा म्हणतोय. नंतर पुरण्यापेक्षा आधी वळवणं स्वस्त पडतं.’’ ‘‘आपल्या सोसायटीच्या गच्चीवर सोलार बसवायच्या मीटिंगला किती जण आले होते, काका?’’ याला काकांकडे उत्तर नव्हते. ते स्वतःही आले नव्हते.

हा वाद रामदेवऱ्याच्या देवळाचा कळस दिसेपर्यंत चालला आणि त्यात दुपार सरली. खिचन राहिले होते. फलोदीजवळच्या या गावात सप्टेंबरपासून मार्चपर्यंत मध्य आशियातून हजारो कुरजा, म्हणजे क्रौंच पक्षी, येतात आणि गावकरी त्यांना धान्य टाकतात. जून २०२५ मध्ये ही जागा रामसर यादीत गेली, जिथे आपले नांदूरमध्यमेश्वर महाराष्ट्रातले पहिले म्हणून आधीच आहे. दाणे टिपायची वेळ सकाळची, ती आता मिळणार नव्हती. जोधपूरची गाडी रात्रीची होती. हात वर करून मत घेतले, मास्तरांनी घड्याळ बघून विरोध नोंदवला आणि गाडी फलोदीकडे वळवली. दुपारी कुरजा दाणे टाकायच्या चुग्गाघरात नसतात, गावाबाहेरच्या तळ्यांवर असतात, हे आधी वाचून वहीत लिहून ठेवले होते; ड्रायव्हरला थेट तळ्याचाच रस्ता सांगितला.